हजेरीची दोन पुस्तके

हजेरी हा शब्द खेड्यापाड्यांत कोणाला समजावून सांगावा लागत नाही. शाळेत मास्तर हजेरी घेतात आणि कामावर मुकादम हजेरी मांडतो. पण आपल्या भागात एके काळी ह्या शब्दाला आणखी एक अर्थ होता. गावातील काही ठरावीक घरांतली कर्ती माणसे रोज ठरल्या वेळी चावडीपुढे येऊन उभी राहत, आणि पोलीसपाटील त्यांची नावे पुकारी. त्यांच्यावर चोरीचा आळ आलेला असे, किंवा कोणी फिर्याद केलेली असे, असे काही नाही. अमुक जातीत जन्मला, एवढ्यावरून त्याचे नाव त्या यादीत चढलेले असे.

कोल्हापूर संस्थानात ही हजेरी शाहू छत्रपतींनी १९१८ साली हुकूम काढून बंद केली. त्याच्या आदल्याच वर्षी, म्हणजे १९१७ साली, त्यांनी सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला होता आणि जो बाप मुलाला शाळेत पाठवणार नाही त्याला महिना एक रुपया दंड ठेवला होता. म्हणजे साधारण एका वर्षाच्या अंतराने ह्या संस्थानात एक हजेरी मिटली आणि दुसरी उघडली. ह्या दोन पुस्तकांविषयी आज आपल्याशी बोलावयाचे आहे. गोष्ट इतिहासातली आहे; पण तिच्या पोटात समाजशास्त्रातला एक मोठा विचार दडलेला आहे, आणि तो शिक्षकमंडळींना आणि शेतकरी बंधुभगिनींना सारखाच उपयोगी पडेल असे वाटते.

विचार असा : जगातल्या काही गोष्टी निसर्गाने दिलेल्या असतात, आणि काही गोष्टी माणसांनी मिळून घडवलेल्या असतात. गंमत अशी, की पुष्कळदा घडवलेली गोष्ट आपल्याला दिलेलीच वाटू लागते. ती कोणी केव्हातरी घडवली होती हे आपण साफ विसरून जातो. समाजशास्त्रात ह्या दृष्टीला सामाजिक रचनावाद असे म्हणतात. नाव जड आहे, पण मुद्दा तसा नाही.

आपल्या ओळखीचे एक उदाहरण घेऊ. आपल्या गावातल्या जुन्या मंडळींच्या जन्मतारखा विचारून पाहा. दर चारदोन माणसांमागे एकाची तारीख १ जून निघेल. एवढी माणसे एकाच दिवशी कशी जन्मली? त्याचे कारण आपल्या शिक्षकांना ठाऊक आहे. मूल शाळेत घालताना आईबापांना नेमकी तारीख सांगता येत नसे. मोठ्या पुरात झाला, आखाडात झाला, थोरल्या म्हशीच्या वेळेस झाला, एवढेच कळे. शाळा जूनमध्ये भरत, म्हणून मास्तर अंदाजाने साल धरीत आणि पुढे १ जून अशी तारीख टाकीत. मास्तरांनी ती सोयीसाठी टाकली. पण त्या तारखेने पुढे काय काय केले पाहा. नोकरीला लागताना तीच धरली गेली आणि ज्येष्ठतेच्या यादीत तिच्यावरून खालीवर झाले. दर वर्षी ३१ मे आला, की ही मंडळी एकदम सेवानिवृत्त होऊ लागली. खरी जन्मतारीख आईबरोबर गेली; मास्तरांनी लिहिलेली तारीख मात्र खरी होऊन बसली. आता कोणी म्हणेल, ही तारीख खोटी आहे. असेल, पण तिच्यावर ठरलेली पेन्शन खोटी नाही.

बांधाचेही तसेच आहे. माती निसर्गाची आहे, पण बांध माणसाचा आहे. आकाशातून पाहणाऱ्या घारीला गट नंबर दिसत नाही. तरी त्या हातभर बांधापायी दोन सख्खे भाऊ जन्मभर कोर्टाची पायरी चढतात. नोटेचेही तेच. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशेच्या आणि हजाराच्या जुन्या नोटा चलनातून गेल्या. त्या कागदात, शाईत, चित्रात काही फरक पडला नव्हता. फरक पडला तो माणसांमाणसांत ठरलेल्या गोष्टीत.

हा विचार पीटर बर्जर आणि थॉमस लुकमन ह्या दोन समाजशास्त्रज्ञांनी १९६६ साली एका ग्रंथात नीट बांधून मांडला. वास्तव समाजात कसे घडते हाच त्या ग्रंथाचा विषय. त्यांचे म्हणणे आपण पाणवठ्याच्या उदाहरणाने समजून घेऊ. पहिल्यांदा काही माणसे एका रीतीने वागू लागतात. ह्यांनी ह्या बाजूने पाणी भरावे, त्यांनी त्या बाजूने. ही झाली पहिली पायरी. दोन पिढ्या गेल्या, की त्या वागण्याचा नियम होतो. कोणी ठरवले, केव्हा ठरवले, हे कोणाला आठवत नाही, पूर्वापार चालत आले आहे एवढेच सांगतात. ही दुसरी पायरी. मग त्या गावात एक मूल जन्मते. त्याला डोंगर जसा दिसतो तसाच हा नियमही दिसतो. दोन्ही त्याच्या आधीपासूनचेच. ते मूल नियम शिकते एवढेच नाही, तर त्या नियमातून स्वतःकडे पाहू लागते. आपण ह्या बाजूचे की त्या बाजूचे, हे त्याच्या मनात रुजते. ही तिसरी पायरी, आणि सगळ्यांत खोल.

अशी दृष्टी आपल्याकडे नव्हतीच असे मात्र समजू नये. त्या ग्रंथाच्या पन्नास वर्षे आधी, मे १९१६ मध्ये, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत असलेल्या भीमराव आंबेडकर ह्या पंचविशीतल्या विद्यार्थ्याने भारतातील जातींविषयी एक निबंध वाचला. जात ही रक्तातून किंवा देवाच्या आज्ञेतून आलेली नाही, हे त्यांनी त्यात दाखवले. एका वर्गाने लग्नव्यवहाराचे दार आतून लावून घेतले, इतरांनी त्याचे अनुकरण केले, आणि काहींच्या तोंडावर दार लागले म्हणून तेही आपापल्या जागी बंदिस्त झाले, अशी ती मांडणी होती. जात कशी बनली हे सांगता आले, की ती बनवलेली आहे हे आपोआप सिद्ध होते. पुढे चारच वर्षांनी, मार्च १९२० मध्ये, आपल्या जिल्ह्यातल्या माणगावच्या परिषदेत हेच आंबेडकर अध्यक्ष म्हणून आले आणि शाहू महाराजांनी तिथे त्यांचा गौरव केला, हे आपणास ठाऊक आहेच.

आता चावडीवरच्या हजेरीकडे वळू. ती ज्यांच्यावर बसली ते रामोशी, बेरड, महार, मांग हे लोक पूर्वी कोण होते? गावाचे आणि गडाचे राखणदार होते. गडाच्या वाटा राखणे, रात्री गावाची गस्त घालणे, चोराचा माग काढणे ही त्यांची कामे. रामोशाच्या राखणीतल्या गावात चोरी झाली, तर चोराचा माग लावून देणे किंवा नुकसान भरून देणे ही त्याची जबाबदारी समजली जाई आणि त्याबद्दल त्याला गावाकडून हक्क मिळत. म्हणजे ज्याच्या भरवशावर गाव झोपे, तो हा माणूस.

१८१८ साली पेशवाई गेली आणि इंग्रजी अंमल आला. गडांचे महत्त्व संपले, शिबंदी कमी झाली, आणि राखणीचे हक्क एकामागून एक बुडाले. पुरंदरच्या मुलखात उमाजी नाईकांचे बंड उभे राहिले, त्याच्या मुळाशी हे बुडालेले हक्क होते. कोल्हापूर संस्थानात सामानगडच्या गडकऱ्यांनी १८४४ साली शस्त्र उचलले, त्यालाही गडकऱ्यांच्या पिढीजात जमिनींची आणि चाकरीची अशीच काळजी कारण झाली. इतरांचीही तीच गत झाली. बंजारे बैलांच्या तांड्यांवर मीठ आणि धान्य मुलूखभर नेत असत. आगगाडी आली आणि त्यांचा धंदा बसला. फासेपारधी रानात फासे लावून शिकार करी. १८७८ चा जंगलकायदा आला आणि जी शिकार कालपर्यंत त्याची रोजीरोटी होती तीच गुन्हा ठरली. पारधी तोच राहिला, फासाही तोच. मधल्या काळात बदलला तो कायदा.

ह्याच सुमारास, १८७१ साली, इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्यामागचा तर्क ऐकण्यासारखा आहे. हिंदुस्थानात विणकराचा मुलगा विणकर होतो, सुताराचा मुलगा सुतार होतो; त्याअर्थी चोराचा मुलगा चोरच होणार, म्हणून काही जमातींचा धंदाच गुन्हेगारी आहे, असा तो तर्क. मग त्या जमातीची यादी करावयाची, बायकामुलांसह नावे नोंदवावयाची, परवानगीच्या पासाशिवाय गाव सोडू द्यावयाचे नाही. एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर झाली, की त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याचीही सोय नव्हती. आरंभी हा कायदा उत्तर हिंदुस्थानात लागू झाला. १९११ साली तो साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी नव्याने करण्यात आला, आणि अंगठ्यांचे ठसे घेण्याची व्यवस्थाही आली. आमच्या शेजारी सोलापुरास तर अशा लोकांसाठी तारेचे कुंपण घातलेली वसाहत झाली. तिथली माणसे दिवसा गिरणीत राबत आणि हजेरीला कुंपणात परत येत.

कोल्हापूर हे संस्थान. इंग्रजांचा प्रत्येक कायदा इथे आपोआप लागू होत नसे. तरीदेखील हजेरीची रीत इथल्या चावड्यांवरही होती. ह्यावरून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सगळा दोष साहेबाच्या माथी मारून आपल्याला मोकळे होता येणार नाही. फिरत्या माणसाविषयी, गावकुसाबाहेरच्या माणसाविषयी संशय आपल्या गावगाड्यात आधीपासून होता. चिखल आपला होता. साहेबाने त्याला साचा दिला आणि विटा पाडल्या.

हजेरीचा माणसाच्या जिण्यावर काय परिणाम होत असेल, ह्याचा हिशेब आपणच करून पाहा. सुगीच्या दिवसांत चार कोसांवर मजुरी मिळते आहे, पण दिवस मावळायच्या आत चावडीवर यावयाचे आहे; म्हणजे ती मजुरी गेली. परगावी बहीण आजारी आहे. परवानगीशिवाय रात्रीचा मुक्काम करता येत नाही. आपल्या गावात काम मागायला गेला, तर मालक म्हणतो, ज्याचे नाव पाटलाच्या यादीत आहे त्याच्या हाती खळे कसे सोपवू? काम नाही म्हणून पोट नाही, आणि पोट नाही म्हणून कोणी एखादा खरोखरच कणसे चोरतो. तो सापडला, की लोक म्हणतात, बघा, उगीच का यादीत नाव घातले होते? गावात कोठेही चोरी झाली, की शिपाई आधी यादी उघडतो. ज्यांना आधी धरतात त्यांच्यातलेच आधी सापडतात, आणि सापडल्याची नोंद पुन्हा त्याच पुस्तकात होते. पुस्तक वाढत जाते आणि वाढलेले पुस्तक स्वतःचाच पुरावा बनते.

मोटेचा बैल जसा त्याच वाटेने मागेपुढे होतो, तसे हे चालते. अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ थॉमस ह्यांनी १९२८ साली असे दाखवले, की माणसांनी एखादी परिस्थिती खरी मानली, की तिचे परिणाम खरेच घडून येतात. त्यांच्यानंतर रॉबर्ट मर्टन ह्यांनी १९४८ साली बँकेचे उदाहरण देऊन हाच मुद्दा पुढे नेला. आपण पतसंस्थेचे उदाहरण घेऊ. संस्था चांगली चाललेली आहे. कोणीतरी पारावर उठवून देतो की संस्था बुडणार. सगळे ठेवीदार दुसऱ्या दिवशी ठेवी काढायला धावतात. कर्जाऊ दिलेला पैसा एका दिवसात परत कोठून येणार? संस्था बुडते. मग उठवणारा म्हणतो, मी सांगितले नव्हते? अफवा खोटी होती; लोकांनी ती खरी मानली म्हणून ती खरी झाली. गुन्हेगार जात ही अशीच एक अफवा होती, आणि तिला सरकारी शिक्का मिळाला होता.

शाहू महाराजांना हे कोठून उमगले? त्यांनी समाजशास्त्राचे पाठ घेतलेले नव्हते. पण माणूस कोण आहे हे दुसऱ्याने वहीत लिहून ठेवावे, ह्याचा चटका त्यांना स्वतःला बसला होता. १८९९ साली पंचगंगेवरच्या स्नानाच्या वेळी त्यांच्यासाठी वेदोक्त मंत्रांऐवजी पुराणोक्त मंत्र म्हटले जात आहेत ही गोष्ट उघड झाली. वेदोक्ताचा अधिकार क्षत्रियांना, आणि पुरोहिताच्या मते महाराज शूद्र. शिवछत्रपतींच्या गादीवरचा धनी, पण पुरोहिताच्या लेखी त्याची जागा खाली. राजाची ही स्थिती, मग ज्याला गादीही नाही आणि गावात घरही नाही त्याची स्थिती काय असेल, हा विचार त्यांच्या मनात आला असल्यास नवल नाही. पुढे २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांतील निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम काढला. आणि १९१८ साली हजेरीचे पुस्तक मिटले.

पुस्तक मिटणे सोपे असते असे नाही, पण ते एका सहीने होते. लोकांच्या मनातले पुस्तक मिटायला सही पुरत नाही. महाराजांची खरी हुशारी इथे दिसते. ज्या फासेपारध्यांना लोक चोर समजत, त्यांना त्यांनी सोनतळीच्या छावणीवर आणून वसवले आणि पहाऱ्याचे काम दिले. चोर म्हणून ज्याचे नाव घेतात त्याच्याच हाती राखण! आरंभी आपण पाहिले, की हजेरीतले पुष्कळ लोक मूळचे राखणदारच होते. राखणदाराचा चोर कसा झाला हे आपण पाहिले. हा उलटा प्रवास होता. पहारेकरी म्हणून वागवले, की माणूस पहारेकऱ्यासारखा वागतो. इथे तेच चक्र चांगल्या अंगाने फिरवले.

शिवाशिवीच्या बाबतीत त्यांनी हेच केले. गंगाराम कांबळे ह्या आपल्या पदरच्या माणसाला पाण्याला शिवल्याबद्दल मारहाण झाली, तेव्हा महाराजांनी त्यांना कोल्हापूर शहरात, भाऊसिंगजी रस्त्यावर, चहाचे हॉटेल काढावयास साहाय्य केले. सत्यसुधारक असे त्याचे नाव. पण अस्पृश्याच्या हातचा चहा पिणार कोण? महाराज स्वतः तिथे गाडी थांबवून चहा घेत आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजत. विटाळ हा डोळ्यांना दिसत नाही, जिभेला लागत नाही. तो रोज पाळला जातो म्हणून टिकतो. एका माणसाने, आणि तोही छत्रपतींसारखा, भर रस्त्यात तो रोज मोडला, की बघणाऱ्याच्या मनातली भिंत हलू लागते. १९१९ साली अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकाच शाळेत बसवण्याचा हुकूम निघाला, त्यामागेही हीच समज होती. वेगळे बसवून वेगळेपण शिकवले जाते. एकत्र बसवणे हाही एक धडाच असतो.

इथे कोणी दोन आक्षेप घेईल, आणि ते रास्त आहेत. पहिला असा, की त्या जमातींतले लोक चोऱ्या करीतच नव्हते काय? करीत होते. त्यांच्यातले काही करीत, जसे इतर जातींतलेही काही करीत. खोट्या वजनाने धान्य घेणारा सावकार, खोटा दस्त करून रान लाटणारा प्रतिष्ठित गृहस्थ, ह्यांनीही चोरीच केली. पण त्यापायी त्यांची सगळी जात हजेरीला उभी राहिली नाही. गुन्हा माणूस करतो. त्या गुन्ह्यावरून जन्मलेल्या आणि न जन्मलेल्या सगळ्यांचा निकाल लावणे, हे वहीचे काम आहे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. सगळेच घडवलेले म्हटले, तर खरे असे काही उरतच नाही की काय? तसे नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचा महापूर कोणाच्या मानण्यावर आला नाही, आणि न मानल्याने तो ओसरलाही नसता. ताप, साप, दुष्काळ ह्यांना आपल्या मताची पर्वा नसते. कॅनडातील तत्त्वज्ञ इयान हॅकिंग ह्यांनी १९९९ साली ह्या विषयावर लिहिताना एक उपयोगी भेद सांगितला आहे. दगडाला आपण काय म्हणतो हे दगडाला कळत नाही. म्हणून नावाने दगड बदलत नाही. माणसाला मात्र आपले नाव कळते. चोर म्हटले की तो दुखावतो, लपतो, चिडतो, कधी खरेच तसा होतो. आणि शाबास म्हटले की ताठ उभा राहतो. म्हणून माणसांना नावे ठेवताना, आणि नावे लिहितानाही, जपावे लागते. शिवाय घडवलेले म्हणजे खोटे, असा अर्थ तर मुळीच घेऊ नये. सोलापूरचे तारेचे कुंपण माणसांनीच घातले होते; पण त्याचे काटे अंगात रुतत होते.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. गुन्हेगार जमातींचा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. ज्यांच्यावर तो होता त्यांना विमुक्त हे नवे नाव मिळाले, आणि हा दिवस आजही विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. पण आपल्याकडे १९५९ साली सराईत गुन्हेगारांविषयीचा मुंबईचा कायदा आला. तो जातीविषयी नव्हता, व्यक्तीविषयी होता. तरी ज्यांच्याकडे बोट दाखवावयाची सवय लागली होती ते बोट काही खाली आले नाही. लक्ष्मण माने ह्यांचे 'उपरा' १९८० साली आणि लक्ष्मण गायकवाड ह्यांचे 'उचल्या' १९८७ साली निघाले. ह्या दोन आत्मकथनांनी कुंपणाच्या आतली बाजू मराठी वाचकांपुढे ठेवली. दोघांनाही साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आणि अगदी अलीकडे, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांतील जातीवरून काम वाटण्याच्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. विमुक्त जमातींना जन्मानेच सराईत समजणाऱ्या दृष्टीवरही न्यायालयाने बोट ठेवले, आणि कैद्यांच्या रजिस्टरातला जातीचा रकाना काढून टाकावयास सांगितले. १८७१ पासून २०२४ पर्यंत दीडशेहून अधिक वर्षे झाली. एक रकाना आखायला किती वेळ लागतो, आणि पुसायला किती लागतो!

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, आता दुसऱ्या हजेरीविषयी, म्हणजे आपल्या हजेरीविषयी. विमुक्त आणि भटक्या जमातीच्या मुलाला सवलत मिळावयाची, तर जातीचा दाखला लागतो. दाखल्यासाठी त्याचे घराणे २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीपासून ह्या राज्यातले आहे असा पुरावा लागतो. असा पुरावा बहुधा कोठे सापडतो? आज्याच्या किंवा चुलत्याच्या शाळेच्या जनरल रजिस्टरात. पण ज्याचा आजा पालावर राहिला आणि गावोगाव फिरला, तो शाळेत कोठून असणार? त्याचे नाव पोलिसांच्या पुस्तकात असेल, मास्तरांच्या पुस्तकात नाही. एका पुस्तकाने ज्याला सोडले नाही त्याला दुसऱ्याने नोंदलेच नाही, आणि आज नातू कचेरीच्या दारात कागद शोधीत उभा आहे.

म्हणून आपल्याला सांगावेसे वाटते. गावाच्या कडेला पाल पडले, ऊसतोडीची टोळी आली, मेंढरे बसली, की त्यांच्या पोरांची नावे पटावर घ्या. चार महिन्यांनी निघून जातील, म्हणून सोडू नका. नाव नीट विचारून लिहा. त्याचा बाप सांगेल तसे लिहा. जातीच्या रकान्यात गावातले लोक ज्या नावाने हिणवतात ते नाव घालू नका. आज आपण सहज टाकलेली ओळ पन्नास वर्षांनी कोणाचा तरी एकमेव पुरावा ठरेल. १ जून ह्या तारखेची करामत आपण पाहिलीच आहे.

आणि शेतकरी मंडळींना एवढेच सांगणे, की मळ्यातली मोटर चोरीला गेली, शेरडू हरवले, तर जरूर फिर्याद द्या. पण पाहिले नसेल त्याचे नाव सांगू नका, आणि पाहिले असेल तर माणसाचे नाव सांगा, जातीचे सांगू नका. चावडीवरची हजेरी १९१८ सालीच बंद झाली आहे. ती आपल्या ओसरीवर बसून पुन्हा घेण्याचे कारण नाही. शाळेची घंटा झाली, की वस्तीवरचे पोर "हजर" म्हणून ओरडते का नाही, तेवढे मात्र रोज पाहावे.